द्रव नायट्रोजनने कोळशाला भेगा पाडताना

कोळशाच्या थरातला मिथेन वायू बाहेर काढायच्या विहिरीत ही पद्धत नेण्याआधी 50 मिमी व्यासाच्या, 100 मिमी लांबीच्या कोळशाच्या कोअरवर (दंडगोल नमुन्यावर) प्रयोगशाळेत करून पाहा.

कोरडा नमुना घेऊ नका. उणे 196 अंशांच्या थंडीने कोळसा आकसून तडकतो, हे खरं; पण मोठा जोर पाण्याचा. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं आणि मूळच्या बारीक भेगा आतून रेटतं. म्हणून नमुना निर्वातात भिजवा. वजन वाढायचं थांबलं की भिजला.

आता स्टेनलेस स्टीलच्या जाळीत ठेवून ड्युअर फ्लास्कमधल्या (थर्मॉससारख्या निर्वात भिंतीच्या भांड्यातल्या) द्रव नायट्रोजनमध्ये हळूहळू सोडा. जोरात उकळी फुटते, कोळशाभोवती वायूचा पापुद्रा धरतो आणि थंडी आत शिरायला वेळ लागतो. म्हणून घाई करून बाहेर काढू नका. उकळी थांबल्यावरही थोडा वेळ राहू द्या, मग पूर्ण वितळवा, पुन्हा भिजवा, पुन्हा बुडवा. प्रत्येक फेरीनंतर ध्वनिलहरींचा वेग मोजा. घटला तर भेगा वाढल्या. पारगम्यता (कोळशातून वायू किती सहज वाहतो ते) मात्र कोअरवर बाजूने दाब देऊनच मोजा. खाली थरावर वरच्या खडकाचा भार असतो. दाबाशिवाय आलेला आकडा फसवतो.

एका लिटर द्रव नायट्रोजनचा जवळजवळ 700 लिटर वायू होतो: झाकण घट्ट लावू नका, आणि खोलीतला ऑक्सिजन कमी झाला तर कळावं म्हणून ऑक्सिजन मीटर चालू ठेवा. उघडा राहिलेला द्रव हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि कोळशाच्या भुकटीबरोबर तो स्फोटक ठरतो. असा द्रव पुन्हा वापरू नका.

विहिरीत साध्या कार्बन स्टीलची नळी चालणार नाही. या थंडीत ती ठिसूळ होऊन तडकते.