हॅप्टिक्समध्ये स्वभाव मोजायचा, तर आधी त्वचा मोजा

हॅप्टिक्स म्हणजे यंत्राने स्पर्शाचा आभास देणं. व्हीआर हेडसेट चढवून आभासी भिंतीला हात लावला की हातमोज्यातली मोटर थरथरते. एक जण दचकून हात मागे घेतो, "भिंत लागली!" दुसरा तोच हात पुन्हा पुन्हा आत-बाहेर करतो आणि विचारतो, "मोटर तळहाताकडे बसवलीय का?" कंपन तेच, माणसं वेगळी. स्वभावानुसार हा आभासी स्पर्श वेगळा जाणवतो का, हा विषय प्रबंधासाठी घेतला तो याच कुतूहलापोटी.

इथे नवखा माणूस हमखास 'बिग फाइव्ह'कडे, म्हणजे बहिर्मुखतेसारख्या पाच ठळक स्वभावगुणांच्या मोजमापाकडे, धावतो. दहा विधानांची प्रश्नावली भरून घेतली की स्वभाव मोजून झाला! मला ते माप या कामाला फार ढोबळ वाटतं. गप्पिष्ट माणसाला कंपन जास्त खरं का वाटावं, याचं उत्तर आधी द्या, मग बहिर्मुखता मोजा. त्यापेक्षा संशोधक विटमर आणि सिंगर यांची १९९८ची प्रश्नावली बघा. माणूस एखाद्या गोष्टीत किती रंगून जातो, हे ती विचारते. पेक आणि चिल्डर्स यांची २००३ची मोजपट्टी वस्तू हाताळून बघण्याची ओढ मोजते. ती ग्राहकांसाठी बनलेली आहे, तेव्हा विधानं नीट वाचून घ्या. दोन्ही हेडसेट चढवण्याआधीच भरून घ्यायच्या, म्हणजे अनुभवाचा रंग उत्तरांना लागत नाही.

पण त्याहीआधी त्वचा. कंपन टिपणारे त्वचेतले पॅसिनियन संवेदक २५० हर्ट्झच्या आसपास सर्वात तल्लख असतात आणि वयानुसार ही जाणीव मंदावते. बोटं गार असली तरी फरक पडतो. प्रत्येकाला किमान किती कंपन कळतं, ते सुरुवातीलाच मोजा. नाहीतर ज्याला काही जाणवलंच नाही, त्याच्या बोटांचा दोष तुम्ही स्वभावाच्या माथी माराल. मोटरची घरघर ऐकू येत असेल तर तीही स्पर्शात मिसळते. हेडफोनमध्ये एकसुरी खरखर लावून ती दाबा.

आता संख्येचं. वीस जणांत सहसंबंध (स्वभाव आणि अनुभव किती सोबत बदलतात याचं माप) ०.४४च्या वर गेल्याशिवाय नेहमीच्या ५ टक्के पातळीवर सार्थ ठरत नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोग नाही असं म्हणता येत नाही, आणि स्वभावाचे परिणाम सहसा त्याहून बारीक असतात. ०.२चा सहसंबंध पकडण्याची ८० टक्के शक्यता हवी, तर जवळपास १९४ माणसं लागतात. एका हेडसेटवर आणि एका सत्रात हे जमणं कठीणच. मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत विचारा, हाच प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत चालवून आकडे एकत्र करता येतील का. ते जमणार नसेल, तर सहसंबंधाचा नाद सोडून मोजक्या लोकांच्या सविस्तर मुलाखती घ्या.