केळं, पेज आणि लाळ: पेशीतला साठा घरीच तपासा

पुस्तकात बटाट्यावर आयोडीन टाकतात, त्यातल्या स्टार्चमुळे (साठवलेल्या पिठूळ पदार्थामुळे) तो काळानिळा होतो आणि धडा संपतो. खरी गंमत तिथून पुढे आहे. मी वर्गात केळ्यापासून सुरुवात करते. जळगावात केळी शोधावी लागत नाहीत.

एक हिरवं कच्चं केळं घ्या, एक सालीवर ठिपके आलेलं. दोन्हींची एकेक चकती बशीत ठेवा. जखमेवर लावायचं बेटाडिन (त्यात आयोडीन असतं) पाणी घालून फिकट तपकिरी करा आणि दोन-दोन थेंब टाका. कच्ची चकती काळीनिळी पडते, पिकलेलीत फार फरक दिसत नाही. कच्च्या गरात साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो. एवढी ऊर्जा साखर म्हणून ठेवली तर विरघळलेली साखर पेशीत पाणी ओढत बसेल. स्टार्चचे कण विरघळत नाहीत, निमूट पडून राहतात. पिकायची वेळ आली की इथिलीन वायूचा इशारा मिळतो, पेशी विकरं (एन्झाइम) तयार करते आणि स्टार्चची साखर होऊ लागते.

विकर काम करताना बघायचं तर आपली लाळ आहेच. अर्धा चमचा तांदळाचं पीठ कपभर पाण्यात उकळून पातळ पेज करा, कोमट होऊ द्या. पेज दाट झाली तर ताटकळत बसाल! चूळ भरून चमचा-दीड चमचा लाळ जमवा. त्यातली थोडी छोट्या वाटीत घेऊन ती वाटी उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा. आता पेजेच्या चार वाट्या: पहिली नुसती, दुसरीत ताजी लाळ, तिसरीत उकळलेली, चौथीत ताजीच पण वाटी बर्फात.

दर दोन मिनिटांनी प्रत्येकीतला थेंब पांढऱ्या बशीत आयोडीनच्या थेंबावर सोडा. दुसऱ्या वाटीचा निळा रंग आधी लालसर होतो, मग उरतो फक्त आयोडीनचा. पहिली आणि तिसरी निळ्याच. चौथी रेंगाळते, पण बर्फातून काढून कोमट पाण्यात ठेवा, कामाला लागते. थंडीने विकर नुसतं मंदावतं. उकळल्यावर त्याची घडण मोडते, ते पुन्हा उठत नाही.

लाळेची किळस येत असेल तर मोड आलेले गहू वाटून वरचं निवळ पाणी घ्या. १८३३ साली फ्रान्समध्ये पायेन आणि पर्सो या रसायनशास्त्रज्ञांनी हेच काम करणारं विकर मोड आलेल्या जवातून वेगळं काढलं होतं.

विकरावर आंबटाचा परिणाम बघायचा तर पांढरं व्हिनेगर वापरा, लिंबू नको. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवतं आणि स्टार्च संपला असं समजून मुलं टाळ्या वाजवून मोकळी होतात. ओट्यावरचे डाग काढायला मात्र तेच लिंबू घ्या.