जिल्ह्याच्या ठिकाणी एंजल गट उभा करायचा तर

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात पैशाची वानवा नाही. फाउंड्री, यंत्रमाग, साखर यांवर मोठी झालेली घराणी आहेत, पण शिल्लक पैसा जातो तो प्लॉटमध्ये, सोन्यात नाहीतर मुदत ठेवीत. नव्या कंपनीत घातलाच तर मेव्हण्याच्या शब्दावर, कागदाशिवाय. एंजल गट, म्हणजे नव्या कंपन्यांत स्वतःचे पैसे घालणाऱ्यांचा गट, बांधायचा तो ही सवय मोडायला. मात्र अशा गटाची खरी ताकद चेकमध्ये नसते. कास्टिंगमधले दोष कॅमेऱ्याने पकडणारं यंत्र कुणी बनवलं असेल, तर शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत ते महिनाभर लावून बघायला मिळणं त्याला लाखभर रुपयांपेक्षा मोलाचं. म्हणून सभासद घेताना ‘किती घालणार’ याच्या आधी ‘तुमच्याकडे कशाची चाचणी घेता येईल’ हे विचारा.

सुरुवात १५ ते २० जणांनी करावी. प्रत्येकाने तीन वर्षांसाठी साधारण १६ लाख बाजूला काढावेत. सगळे बुडाले तरी घर आणि धंदा हलणार नाही, असेच पैसे. त्यातले ८ लाख म्हणजे आठ कंपन्यांत प्रत्येकी १ लाख. उरलेले ८ लाख ज्या कंपन्या तग धरतील त्यांच्या पुढच्या फेरीसाठी, म्हणजे त्या पुन्हा पैसे उभारतील तेव्हासाठी, हात न लावता ठेवायचे. एक-दोन कंपन्यांतच सगळं ओतणाऱ्याचं गणित सहसा बसत नाही, कारण बहुतेक कंपन्या बुडतात आणि परतावा एखाद-दुसरीच देते.

भिशी करू नका

सगळ्यांचे पैसे गटाच्या किंवा अध्यक्षांच्या खात्यात गोळा करून तिथून गुंतवणूक करायची कल्पना हमखास पुढे येते. सेबी या बाजार नियामकाच्या नोंदणीशिवाय असा सामायिक निधी चालवता येत नाही. प्रत्येकाने आपापल्या बँक खात्यातून थेट कंपनीच्या खात्यात पैसे द्यावेत आणि शेअर स्वतःच्या नावावर घ्यावेत. रोख अजिबात चालत नाही.

कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे खाजगी देकाराची, म्हणजे निवडक लोकांना शेअर देऊ करण्याची, जाहिरात करता येत नाही आणि एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त जणांना तो देता येत नाही. तेव्हा क्लबच्या चारशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘शेअर उपलब्ध’ असा मेसेज टाकणाऱ्या उत्साही सभासदाला वेळीच आवरा.

बैठक

महिन्यातून एक, दोनच कंपन्या. दहा मिनिटं सादरीकरण, वीस मिनिटं प्रश्न, मग संस्थापकांना बाहेर बसवून चर्चा. पुढे तपासायचं की नाही हे त्याच दिवशी ठरवा आणि सात दिवसांत लेखी कळवा. आपल्याकडचं ‘बघू, कळवतो’ सहा महिने चालतं, आणि तेवढ्यात कंपनीचे पैसे संपतात.

तपासणीसाठी त्या धंद्यातला एक सभासद प्रमुख नेमा. तो नसेल तर गुंतवणूक नको. बॅलन्सशीटपेक्षा जीएसटी विवरणपत्रं आणि बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून वाचा. जीएसटीत ४० लाखांची विक्री आणि बँकेत जमा ११ लाख, असं दिसलं तर माल वितरकांकडे उधारीवर पडून असू शकतो. तो खपला की नुसता पाठवला, हे तीन दुकानदारांना फोन केल्यावर कळतं. उत्पादन इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत तयार झालं असेल तर पेटंट किंवा डिझाइन कंपनीच्या नावावर आहे का, हेही बघा. ते कॉलेजच्या किंवा प्राध्यापकांच्या नावावर राहिलं की पुढचा गुंतवणूकदार तिथेच थांबतो.

किती हिस्सा मागायचा

इथे कारखानदार मंडळी घसरतात. पंधरा लाखांत ४९ टक्के मागितले की संस्थापक पगारी मॅनेजर होतो, आणि नंतर येणारा फंड भागधारकांची यादी बघून परत जातो. गुंतवणुकीआधी कंपनीचं मोल १ कोटी ३५ लाख धरलं आणि पंधरा जणांनी १५ लाख घातले, तर नंतरचं मोल दीड कोटी आणि गटाचा हिस्सा १० टक्के. पहिल्या फेरीत १० ते २० टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नये. संस्थापकांचे शेअर मात्र चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के होतील आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडून गेल्यास काही मिळणार नाही, अशी अट घाला.

पुढच्या फेरीत भाग घेण्याचा हक्क आणि तिमाही हिशेब करारात हवेत, आणि तीच कलमं कंपनीच्या आर्टिकल्समध्येही (कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत) आणून घ्या. नुसत्या करारावर कंपनीला बांधणं अवघड जातं. पंधरा भागधारकांच्या वतीने एकाने सही करायची तरतूदही करून ठेवा, नाहीतर प्रत्येक ठरावाला कुणीतरी चारधामला गेलेलं असतं.

पैसे देताना

क्रम असा: नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, कंपनीचा ठराव, तुमच्या नावाचं देकारपत्र (पीएएस-४ नमुन्यातलं), आणि मगच पैसे. ते वेगळ्या बँक खात्यात जातात. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअरवाटप झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत परत करावे लागतात, तसं न केल्यास साठावा दिवस संपल्यापासून वार्षिक १२ टक्के व्याज लागतं. वाटपानंतर १५ दिवसांत कंपनीने पीएएस-३ हा शेअरवाटपाची माहिती देणारा फॉर्म भरायचा. तो भरेपर्यंत कंपनीला त्या पैशाला हात लावता येत नाही. कागद व्हायच्या आधी ‘विश्वासाने’ पाठवलेले पैसे नेमके या मुदतींत अडकतात.

जादा भावाने शेअर दिल्यावर कंपनीला लागणारा एंजल टॅक्स २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. रास्त किमतीपेक्षा स्वस्तात घेतले तर मात्र फरकावर घेणाऱ्याला अजूनही कर लागू शकतो, म्हणून मूल्यांकन अहवालाची प्रत स्वतःच्या फायलीत ठेवा.

दुसऱ्या फेरीचा निर्णय पहिल्या वेळी प्रमुख असलेल्या सभासदाकडे देऊ नका. त्याचा जीव कंपनीत गुंतलेला असतो, आणि राखून ठेवलेले ८ लाख बुडत्या कंपनीला तारण्यात जातात. नव्या माणसाने मागच्या चार तिमाहींचे आकडे घेऊन एकच गोष्ट तपासावी: आज ही कंपनी पहिल्यांदा समोर आली असती तर या भावाने पैसे घातले असते का.