रुंद वरंबा-सरी: पावसाचा खंड आणि अतिवृष्टी, दोन्हींसाठी एकच आखणी

भारी काळ्या जमिनीत पीक वाळून जातं तसंच पाणी साचून चिबडूनही जातं, तेही कधी एकाच हंगामात. रुंद वरंबा-सरी, म्हणजे पिकासाठी मातीचा रुंद उंचवटा (वरंबा) आणि त्याच्या बाजूला पाण्याची सरी, दोन्ही वेळा कामी येते, पण सरीचा उतार आणि पाणी बाहेर पडायचं तोंड चुकलं तर सगळी मेहनत वाया. हलक्या, वालुकामय जमिनीत या खटाटोपात पडू नये. तिथे वरंबे लवकर सुकतात.

आधी पारदर्शक नळीत पाणी भरून उतार मोजा. सरीला 100 मीटरला 40 ते 60 सेंमी उतार पुरे. त्याहून जास्त झाला तर माती वाहते, कमी झाला तर पाणी तुंबतं. म्हणून सऱ्या थेट उताराच्या दिशेने न काढता आडव्या, किंचित तिरप्या काढाव्यात.

माप असं: वरंबा 105 सेंमी, सरी 45 सेंमी, खोली साधारण 15 सेंमी. वरंब्यावर 40 सेंमीवर तीन ओळी बसतात. काठाला चिकटून पेरलं की माती ढासळून मुळं उघडी पडतात. ट्रॅक्टरची चाकं सरीतूनच चालली पाहिजेत, तेव्हा चाकांमधलं अंतर आखणीआधीच जुळवा. वरंबे पावसाआधी पाडा. ओल्या मातीत पाडले तर ढेकळं दगडासारखी वाळतात.

खरी गोम शेवटच्या चरात आहे. 1 मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी 10,000 लिटर. 60 मिमी पडला की 6 लाख लिटर. सऱ्या ज्या चरात उतरतात त्याचा तळ सरीपेक्षा 10-15 सेंमी खोल हवा आणि त्यात गवत असावं, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात तो कापत जातो.

खंड पडेलसं दिसलं तर सरीत दर 4-5 मीटरवर मातीचे आडबांध घाला. उंची वरंब्याच्या निम्मीच ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी वरंब्यावर न चढता सरीतूनच पुढे जातं. भेगा पडू लागल्या की हलकी कोळपणी करा, म्हणजे ओळींमधली वरची माती उकरून मोकळी करा. मुसळधार पावसाचा अंदाज आला की आडबांध फोडून टाका. हे काम लांबणीवर पडतं आणि मग पीक पिवळं पडतं.

पाणी साचलंच तर आधी सऱ्यांची तोंडं मोकळी करा. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होईपर्यंत, वरंब्यावर पाय ठेवू नका, माती घट्ट बसते. हवेअभावी मुळं अन्न घेत नाहीत, तोवर 2 टक्के युरियाची फवारणी, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी करावी.