जेवणातलं लोह, जस्त आणि आयोडीन अंगी लागावं म्हणून काय करावं

धडधाकट माणसाच्या अंगात लोह असतं ते सगळं मिळून ३-४ ग्रॅम. जस्त दोनेक ग्रॅम, आणि आयोडीन तर मिलिग्रॅममध्येच मोजायचं. पण लोहावाचून रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, जस्तावाचून जखम लवकर भरत नाही आणि आयोडीनवाचून पोटातल्या बाळाचा मेंदू नीट वाढत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. बाजरी, मटकी, पालेभाजी खाणाऱ्या घरांतसुद्धा ही पाळी येते, याचं एक मोठं कारण असं की धान्य-भाज्यांतलं लोह शरीरात फार थोडं शोषलं जातं. ते वाढवणं आपल्या हातात आहे.

१. आधी चहाची वेळ बदला

यासाठी एक पैसाही लागत नाही, म्हणून सुरुवात इथून. चहा-कॉफीतली तुरट द्रव्यं पोटात लोहाला धरून ठेवतात आणि ते तसंच बाहेर पडतं. आपण पोह्यांवर लिंबू पिळतो, ते उत्तम. पण सोबत कपभर चहा घेतला की लिंबानं कमावलेलं बरंचसं वाया जातं. चहा सोडायची गरज नाही. खाणं आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा, एवढंच.

२. ताटात लिंबाची फोड ठेवा

क जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतं, पण ते उष्णतेनं नासतं. म्हणून लिंबू उकळत्या आमटीत न पिळता ताटात वाढल्यावर पिळावं. आवळा, पेरू, टोमॅटोची कच्ची कोशिंबीर यांचाही तोच उपयोग. नुसत्या पालकावर मात्र फार विसंबू नका. त्यातलं लोह अंगी फारसं लागत नाही. अहाळीव, तीळ, बाजरी, कडधान्यं जास्त भरवशाची. मांस-मासे खाणाऱ्यांचं काम सोपं, कारण त्यांतलं लोह सहज शोषलं जातं.

३. कडधान्याला मोड आणा

धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं. लोहाला आणि त्याहून अधिक जस्ताला ते अडवतं. १९५८ मध्ये डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमधल्या शिराझ शहरात एक रुग्ण पाहिला. वय २१, दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा. तिथल्या गरीब मुलांचं खाणं म्हणजे मुख्यतः न आंबवलेली गव्हाची रोटी. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांना जस्त दिल्यावर त्यांची उंची वाढली. माणसालाही जस्त लागतं, हे वैद्यकाला कळलं ते या मुलांमुळे.

आपली पोळीसुद्धा न आंबवलेलीच. त्यावर मैदा हा उपाय नव्हे. कोंडा गेला की खनिजंही गेली. मटकी-मूग रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून टाका, ओल्या फडक्यात बांधून मोड येईपर्यंत उबेला ठेवा. धान्य जागं झालं की फायटेट मोडू लागतं. नाचणीलाही मोड येतात. त्या सुकवून दळल्या की लहान मुलांच्या सत्त्वाला उत्तम. आंबील, इडली, ढोकळा यांत हेच काम आंबवण्यानं होतं.

४. लोखंडी कढई पुन्हा चुलीवर चढवा

टोमॅटो, चिंच, आमसूल घातलेली भाजी लोखंडात शिजली की थोडं लोह अन्नात उतरतं. शिजल्यावर भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात मात्र आंबट काही ठेवू नये.

५. मिठाची पिशवी वाचून घ्या

प्रौढाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणी २५०. सैंधव किंवा जाडं मीठ नैसर्गिक म्हणून घेणाऱ्यांना कळकळीनं सांगते, आयोडीन मुद्दाम घातलेलं नसेल तर त्यांत ते नगण्य असतं. ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलंच मीठ आणा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवा. आयोडीन हवं म्हणून मीठ वाढवू नका. दिवसाला ५ ग्रॅमच्या आतच बरं.

६. गोळी तपासणीनंतरच

थकवा आला म्हणून मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. आधी हिमोग्लोबिन तपासा. थॅलेसेमियासारख्या आजारात अंगात लोह आधीच साठत असतं, तिथे गोळी घातक ठरू शकते. डॉक्टरांनी दिलीच तर चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून तिला वेगळी वेळ द्या. दीर्घकाळ जास्त जस्त घेतल्यानं तांबं कमी पडतं, तेव्हा तीही गोळी मनानं चालू ठेवू नये.

लहान मुलाला जुलाब झाले की ओआरएससोबत जस्ताच्या गोळ्या मिळतात. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी त्या पूर्ण १४ दिवस द्यायच्या, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्यानं कमी होते.