एफपीजीएवर व्हिडिओ: आधी ओळींचा हिशेब

ई अँड टीसी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट आपण हवं तसं जोडू शकतो अशा चिपवर, लाइव्ह व्हिडिओतल्या कडा शोधण्याचा प्रोजेक्ट घेतला. सी चांगलं येत होतं, म्हणून व्हेरिलॉग, म्हणजे सर्किटचं वर्णन करायची भाषा, तीही तशीच लिहायला गेलो: आधी अख्खी फ्रेम साठवायची, मग फॉर लूप फिरवायचा. मेमरीच पुरेना.

हिशेब मी केलाच नव्हता. १९२० बाय १०८० ची रंगीत फ्रेम म्हणजे सुमारे ६२ लाख बाइट. आमच्या पिंक-झेड२ बोर्डवरच्या झिंक-७०२० चिपमध्ये ३६ किलोबिटचे १४० ब्लॉक रॅम (चिपमधलेच मेमरीचे तुकडे), सगळे मिळून ६३० किलोबाइट. जेमतेम एक दशांश फ्रेम! आणि व्हेरिलॉगमधला लूप वेळेत फिरत नाही. त्याची प्रत्येक फेरी म्हणजे चिपवर उभं राहणारं वेगळं सर्किट.

कडा शोधणाऱ्या सोबेल फिल्टरला मुळात अख्खी फ्रेम लागतच नाही. ३ बाय ३ ची खिडकी सरकवायला चालू ओळ आणि तिच्या आधीच्या दोन ओळी पुरतात. ग्रेस्केलची (पिक्सेलला ८ बिट) एक ओळ १५,३६० बिट, म्हणजे ब्लॉक रॅमच्या अर्ध्या भागात मावणारी. दोन ओळी, एक ब्लॉक रॅम. हे कागदावर उतरलं त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता. शिवाय सोबेलमधला दोनचा गुणाकार म्हणजे बिट एक घर सरकवणं. त्याला गुणक लागत नाही, नुसत्या तारा.

वेळेचाही असाच हिशेब. सेकंदाला ६० फ्रेम, ओळी आणि फ्रेमच्या मधली रिकामी जागा धरून पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ, एका पिक्सेलला ६.७ नॅनोसेकंद. बेरजा एका दमात होत नसतील तर मध्ये रजिस्टर (एक आकडा पुढच्या क्लॉकपर्यंत धरून ठेवणारी जागा) घालून पाइपलाइन करा, म्हणजे काम टप्प्यांत वाटा. निकाल चार क्लॉक उशिरा आला तरी चालतं, दर क्लॉकला एक पिक्सेल बाहेर पडला पाहिजे.

इथेच माझे तीन दिवस गेले. पिक्सेल चार क्लॉक उशिरा येत होते, पण सिंक आणि डेटा-एनेबल सिग्नल (ओळ-फ्रेम कुठे सुरू होते आणि खरे पिक्सेल कुठे आहेत हे सांगणारे) थेट पुढे गेले होते. चित्र उजवीकडे सरकलेलं, डाव्या कडेला कचरा. त्या सिग्नलनाही तेवढीच चार रजिस्टर लावली आणि चित्र जागेवर आलं.

बोर्ड घेण्याची घाई करू नका. सर्किट संगणकावरच चालवून पाहणारं व्हेरिलेटर आणि त्याचे सिग्नल दाखवणारं जीटीकेवेव्ह फुकट आहेत. छोटं चित्र हेक्स फाइलमधून टेस्टबेंचला (सर्किट तपासणाऱ्या कोडला) द्या आणि निकाल पायथनमधल्या उत्तराशी पिक्सेल-पिक्सेल ताडून पाहा. कडेचे पिक्सेल आधी तपासा, चूक बहुधा तिथेच असते. एचएलएस (सी कोडवरून सर्किट बनवण्याची पद्धत) जरूर शिका, पण एक लाइन बफर, म्हणजे आधीच्या ओळी साठवणारा भाग, हाताने लिहिल्यानंतर. नाहीतर टूल दोन क्लॉकला एकच पिक्सेल का देतंय, हे कळणार नाही.

पहिल्या मुलाखतीत मला विचारलं, ५ बाय ५ ची खिडकी, ३८४० पिक्सेलची ग्रेस्केल ओळ, किती ब्लॉक रॅम? चार ओळी, प्रत्येकी ३०,७२० बिट, म्हणून चार. कागद मागून घेतला होता.