संपादनाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी : वाक्य कसे तपासावे

प्रकाशनसंस्थेत संपादन-साहाय्यक म्हणून रुजू होणाऱ्यांना सुरुवातीला बहुधा मुद्रितशोधनच दिले जाते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४ असे शुद्धलेखनाचे १८ नियम अंगवळणी पडले की काम आले, अशी अनेकांची समजूत असते. नियम यायलाच हवेत. परंतु एकही ऱ्हस्वदीर्घ न चुकता वाक्य लंगडे राहू शकते, आणि या व्यवसायात माणसाची पारख होते ती असे वाक्य ओळखण्यावरून.

मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येत असल्यामुळे तोवरचे सारे वाचकाला मनात धरून ठेवावे लागते. म्हणून मी आधी क्रियापद पाहतो आणि मग वाटेतले शब्द कोणाशी बांधलेले आहेत, हे तपासतो. ‘मुंबईहून आलेल्या लेखकाच्या भावाने भाषण केले’ या वाक्यात मुंबईहून आले कोण, लेखक की भाऊ? ‘लेखकाच्या मुंबईहून आलेल्या भावाने’ असे केले की शंका मिटते, आणि स्वल्पविरामाचीही गरज उरत नाही. (आजची विरामचिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी व कोशकार मेजर कँडी यांच्या प्रयत्नांतून रूढ झाली, त्याआधीच्या बखरकारांचे गद्य शब्दक्रम, ‘जो-तो’ आणि ‘म्हणोन’ यांच्या आधारेच उभे होते. ते वाचण्यासारखा दुसरा अभ्यास मला ठाऊक नाही.)

‘ऊन’ प्रत्ययाची रूपेही अशीच दगा देतात. ‘मसुदा वाचून संपादकांचा फोन आला’ यात मसुदा फोनने वाचल्यासारखा होतो. ‘मसुदा वाचून संपादकांनी फोन केला’ म्हटले की वाचणारा आणि फोन करणारा एकच ठरतो. ‘ही’ या अव्ययाची जागा तर प्रत्येक वेळी तपासावी. ‘मीही त्याला पुस्तक दिले’, ‘मी त्यालाही पुस्तक दिले’ आणि ‘मी त्याला पुस्तकही दिले’ ही तीन वेगळी विधाने आहेत, आणि घाईने लिहिणारा त्यांतले नको तेच लिहून जातो.

सरकारी परिपत्रकांतले ‘करण्यात आले’ दिसले की कर्ता शोधावा. तो खरोखरच अज्ञात किंवा गौण असेल, तर रचना राहू द्यावी. एरवी ज्याने केले त्याचे नाव लिहावे.

वाक्य लांब आहे एवढ्याच कारणासाठी ते तोडू नये. ‘जर-तर’, ‘जेव्हा-तेव्हा’ अशा जोड्यांतला पहिला शब्द आला की वाचक दुसऱ्याची वाट पाहू लागतो, आणि त्या अपेक्षेवर बरेच लांब वाक्यही सहज पेलते. तोडून केलेली चार वाक्ये पुष्कळदा कार्यकारणभाव गमावतात.

शंका आली तरी मजकूर परस्पर न बदलता पानाच्या समासात, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागेत, प्रश्न लिहावा, कारण कथा-कवितेतली संदिग्धता लेखकाने जाणूनबुजून ठेवलेली असू शकते.